नानांचं झुरिक

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या मराठी मंडळात एका गणपतीला हॉलच्या दारावर पाटी लागली: 'चपला-बूट चेक-इन करावेत. माणशी एकच जोडी फ्री.' पाटीखाली टेबल टाकून प्रताप घोरपडे बसलेला. गळ्यात आयडी, चेहरा पोस्टातल्या कारकुनासारखा, हातात खऱ्याखुऱ्या बॅगेज टॅगचं भेंडोळं. पन्नासेक माणसांनी निमूट आपल्या बुटांना टॅग लावून घेतले. रिटायर्ड डॉक्टर नरेंद्रकाकांनी तर 'जरा जपून हं, फ्रॅजाइल आहेत' असंही बजावलं. आरती झाल्यावर सगळे बूट घ्यायला आले तेव्हा कळलं, सगळ्या टॅगवर नंबर एकच.

तर हा असा माणूस. वय त्रेचाळीस, मूळचा कोल्हापूरचा, नोकरी गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कंपनीत. दिवसभर सीटांचे सांगाडे तपासायचे आणि उरलेल्या वेळात कुणाच्या तरी पायाखालची सतरंजी ओढायची. सतरंजी ओढून झाली की त्याच माणसाला चहा पाजायचा, म्हणून मित्र टिकून होते.

एक माणूस मात्र त्याच्या हाताला कधी लागला नव्हता. सासरे. विष्णू सबनीस, घरात सगळे नाना म्हणायचे. चौदा वर्षांपूर्वी प्रताप पुण्याला नीलाला मागणी घालायला गेला, तेव्हा नानांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "नोकरी कुठे?"

"सर्कशीत," प्रताप म्हणाला. "सध्या वाघ रजेवर आहे, म्हणून मला सुट्टी."

नाना हसले नाहीत, रागावले नाहीत. आत जाऊन मुलीला म्हणाले, "मुलगा वाईट नाही. फक्त त्याचं प्रत्येक वाक्य दोनने भागून घेत जा." आणि तेव्हापासून ते स्वतः भागतच आले. प्रताप म्हणाला बाहेर दहा इंच बर्फ पडलंय, तर नाना पाच इंचाचे बूट घालायचे.

नाना म्हणजे पुण्याच्या कॅम्पातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीतला जुना माणूस. चौतीस वर्षं हाताने विमानाची तिकिटं लिहिली, ती लाल कार्बनची, एकाखाली एक चार पानं. जगातल्या झाडून सगळ्या विमानतळांची तीन अक्षरी खूण तोंडपाठ. कुठल्या तिकिटावर वाय लिहायचा, कुठल्यावर सी, कुठल्यावर एफ, आणि त्या एका अक्षराने माणूस विमानात पुढे बसतो की मागे, हे सगळं झोपेत सांगतील. हजारो लोकांना त्यांनी पुढे बसवलं. स्वतः पुढे बसले ते एकदाच. १९८१ साली. फ्रँकफर्ट ते झुरिक.

ती गोष्ट घरात माहीत नाही असं कुणी नव्हतं. परदेशी विमान कंपनीने एजन्सीच्या माणसांना आठ दिवसांची फुकट सहल दिली होती, त्यात हा एक तुकडा बिझनेस क्लासचा.

"खुर्ची म्हणजे सोफा!" नाना सुरू करायचे. "पाय लांब केले तरी कुणाला लागत नाहीत. बसल्या बसल्या गरम टॉवेल. मग जेवण. सात कोर्स! दर कोर्सला चमचा वेगळा."

"आणि सातवा चमचा?" नीला विचारायची. छत्तीस वर्षांची बाई, बँकेत दहा माणसं हाताखाली, पण या गोष्टीला ती पुन्हा दहा वर्षांची व्हायची.

"सातवा मी वापरलाच नाही. इतका चकचकीत, की त्यात मलाच मी दिसत होतो. लाजलो."

नीला तेव्हा शाळेत सांगून आली होती की माझे बाबा सात चमच्यांनी जेवले. आता तिची नऊ वर्षांची मुलगी ऋता नोव्हायच्या शाळेत तेच इंग्रजीत सांगून आली होती. दोन वर्षांपूर्वी सासूबाई, म्हणजे माई गेल्या. त्यानंतर नाना वर्षातले सहा महिने इकडे राहायला यायला लागले, आणि गोष्टीला नवे श्रोते मिळाले.

प्रतापला संशय आला तो मार्च महिन्यात. २००७ सालचा मार्च. कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं आणि तिथून एका दिवसासाठी झुरिकला, चक्क बिझनेस क्लासने. तो सासऱ्यांची गोष्ट मनात घोळवत विमानात चढला. विमान वर गेलं, ढग ओलांडले, सँडविच आलं, आणि अर्धं सँडविच हातात असताना पट्टे बांधायची सूचना झाली. हवेत सगळी मिळून चाळीस मिनिटं. सात कोर्स काय खाऊन वाढणार? आणि ती खुर्ची! सीटांवर पोट असलेला माणूस तो, खुर्चीकडे बघितलं आणि मनात म्हणाला, 'सोफा? आयला, याला सोफा म्हणणाऱ्याने सोफा तरी बघितला नाही, नाहीतर विमान तरी.'

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, पंचवीस-सव्वीस वर्षांत विमानं बदलतात. पण प्रतापला चौदा वर्षांनी सासऱ्यांच्या गोष्टीत एक सुटा धागा दिसला होता. तो ओढल्याशिवाय त्याला झोप कुठली!

संधी मे महिन्यात आली. प्रतापचा पुतण्या प्रसाद स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी संपवत होता, त्याच्या पदवीदान समारंभाला जायचं होतं.

"विमानाने जाऊ," प्रताप म्हणाला. "डेट्रॉइट ते पिट्सबर्ग. पुढे गाडी घेऊ. ऑफिसच्या कामाने उडून जमलेले माइल्स पडून आहेत, त्यावर सगळे फुकट फर्स्ट क्लासने जाऊ. चौघं."

"सात तासांची ड्राइव्ह आहे ही!" नीला म्हणाली. "ती वाचवायला तू साडेसहा तास घालवणार? पाऊण तासाच्या फ्लाइटला कुणी माइल्स उडवतं का?"

"नानांसाठी गं. सव्वीस वर्षांनी परत पुढे बसू देत की."

नीलाचे डोळे भरून आले. तिने त्याच्या गालाला हात लावला. प्रतापला क्षणभर कसंसंच झालं, पण क्षणभरच.

नानांनी छापलेलं ई-तिकीट हातात घेतलं, उलटं करून बघितलं. "हे तिकीट? हा तर किराण्याचा कागद." मग अक्षर शोधलं. "एफ. डोमेस्टिकला हे लोक फर्स्ट म्हणतात. आपण बिझनेसच समजायचं." आणि कागद घडी करून खिशात ठेवला. एवढं बोलून नाना सहसा थांबत नसत.

प्रतापने ते टिपलं. मासा गळाकडे बघतोय.

जायच्या दिवशी नाना सूट घालून जिन्यावरून खाली आले. टाय, पॉलिश केलेले बूट, भांग काढलेला. एअरपोर्टवर बाकीचं फर्स्ट क्लास हाफ पँट आणि बेसबॉल टोपीत उभं होतं. सिक्युरिटीत पॉलिशचे बूट काढून ट्रेमध्ये ठेवताना नाना म्हणाले, "पुढे बसणाऱ्याचे पण काढतात?"

"सगळ्यांचे, नाना. इथे लोकशाही आहे."

तेवढ्यात प्रतापने ऋताला बाजूला घेतलं. त्याने सगळा बेत आखून ठेवला होता. सीटा पहिल्या रांगेतल्या घेतल्या होत्या मुद्दाम. पहिल्या रांगेच्या समोर नुसती भिंत असते. समोरची सीट नाही, म्हणजे तिच्या पाठीवरचं टेबलही नाही. टेबल असतं हाताच्या दांड्याच्या पोटात, झाकणाखाली. मागे बसणाऱ्याला ते शोधून सापडत नाही, आणि पुढे बसलेला माणूस ते एकदा बघितलं की विसरत नाही.

"विमान वर गेलं ना," तो ऋताला म्हणाला, "की आजोबांना विचारायचं, टेबल कुठून काढायचं? झुरिकच्या विमानात कुठे होतं? दाखवा म्हणायचं."

"व्हाय?" ऋताने डोळे बारीक केले. बापाचीच मुलगी.

"पिट्सबर्गला आइसक्रीम."

"टू स्कूप्स."

"डन."

विमान जुनं होतं, दोन-दोन सीटांचं. खिडकीत नाना, शेजारी प्रताप. वाटेच्या पलीकडे नीला आणि तिच्या पलीकडे खिडकीत ऋता. नानांनी बसण्याआधी खुर्चीच्या चामड्यावरून हात फिरवला. मग बसले, ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढून घ्यायला बसावं तसे. विमान वर गेल्यावर साठीच्या एअर होस्टेस बाईंनी हसून विचारलं काय घेणार, आणि दोघांच्या हातात टोमॅटो ज्यूसचे काचेचे ग्लास दिले. नानांनी ग्लासकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे. भिंतीत काही नव्हतं. त्यांनी हळूच खाली बघितलं, डाव्या बाजूला, उजव्या बाजूला. मग ग्लास मांडीवर धरून ठेवला, दोन्ही हातांनी.

प्रताप मासिक चाळत होता, म्हणजे मासिकाच्या वरून बघत होता. सापडलं! चौदा वर्षांनी! त्याला इतका आनंद झाला की हसू दाबायला त्याने गालाचा आतून चावा घेतला.

विमान ढगांवर आलं. नीलाने सुडोकू काढलं. ऋता खिडकीला नाक लावून बसली.

"जावईबापू," नाना हळूच म्हणाले. मान वळवली नाही.

"बोला नाना."

"चाळीस हजार माइल्स तरी गेले असतील यात तुमचे."

"असतील की."

"चौतीस वर्षं तिकिटं लिहिली मी. कोण माणूस कशासाठी पुढे बसतो, ते मला तिकीट मागायच्या पद्धतीवरून कळायचं. साहेबाला खूश करायला, बायकोचा रुसवा काढायला, शेजाऱ्याला जळवायला." त्यांनी ग्लास जरा सावरला. "तुम्ही मला पकडायला बसवलंय इथे."

प्रतापने मासिक मिटलं. काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं, पण नानांनी तेवढी फुरसत दिली नाही.

"पकडलंत," नाना म्हणाले. "मी गेलो नव्हतो झुरिकला. फ्रँकफर्टलाही नाही. मुंबईच्या पुढे गेलोच नाही त्या वर्षी. पण पोरीसमोर नको. एवढं ऐका."

"अहो नाना, मी नुसती गंमत..."

"माहितीये. तुमची गंमत वाईट नसते. पण या झुरिकच्या गोष्टीत दुसरं काही आहे." त्यांनी पलीकडे बघितलं. नीला पेन्सिल चावत आकडे भरत होती. मग ते इतक्या हळू बोलायला लागले की प्रतापला कान त्यांच्या खांद्याशी न्यावा लागला.

"माई तेव्हा चार महिन्यांपासून नागपूरला होती, माहेरी. सातवा महिना होता तिला. आधी दोनदा फसलं होतं, म्हणून नीलूला काही सांगितलंच नव्हतं. आजीला बरं नाही, म्हणून आई तिकडे गेलीये, एवढंच. नीलू माझ्या बहिणीकडे. मी बॅग घेऊन मुंबईला पोचलो, एअरपोर्टला निघणार, तर ऑफिसचा फोन. नागपूरहून ट्रंक कॉल आला होता." त्यांनी ज्यूसचा एक घोट घेतला. "माझ्या जागी आमचा ऑफिसातला चारुदत्त गेला सहलीला. मी व्हीटीवरून नागपूरची गाडी पकडली. मुलगा होता. एक रात्र होता."

विमान कुठल्यातरी तळ्यावरून चाललं होतं. खाली ऊन चमकत होतं.

"आठ दिवस मी तिथे होतो. माई एकच म्हणाली, नीलूला कळू देऊ नका. कधीच नको. मी हो म्हणालो. तिला घेऊन पुण्याला परतलो, तर नीलू बहिणीच्या घरून धावत आलेली. सोबत सोसायटीतली सात-आठ पोरं. बाबा फॉरेनहून आले! काय आणलं, काय बघितलं? आता काय सांगणार? चारू सहलीहून परतला होता, त्याने स्टेशनवर येऊन चॉकलेटं दिली होती आणि प्रवासाचं वर्णन केलं होतं, तेच सगळं मी त्या पोरांना सांगितलं. सोफा, टॉवेल, सात कोर्स. त्याने किती फेकली होती ते त्याचं त्यालाच ठाऊक, मी आणखी दोन चमचे घातले असतील."

"आणि माई?" प्रतापने विचारलं.

"आत पडून होती. आठ दिवस एक शब्द बोलली नव्हती धड. सातव्या चमच्याला लाजलो म्हणालो, तर आतून हसू ऐकू आलं." नानांनी पुन्हा एकदा नीलाकडे बघितलं. "मग मी दुसऱ्या दिवशी पण सांगितली. तिसऱ्या पण. पोरं कंटाळली, तरी मी सांगत होतो. लोकांना वाटायचं, सबनीसांना किती ती हौस. मी आपला आतल्या खोलीला ऐकवत होतो."

प्रतापने आयुष्यात पुष्कळ थापा ऐकल्या होत्या, त्यातल्या निम्म्या स्वतःच्याच. त्यांच्या आत असलं काही असू शकतं, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याला नानांचा हात धरावासा वाटला, पण त्यांच्या दोन्ही हातांत ग्लास होता.

"आता नीलूला कळलं, की मी गेलो नव्हतो," नाना म्हणाले, "तर ती पहिलं विचारेल, मग आठ दिवस होतात कुठे? तिच्याशी खोटं बोलायला मला झुरिक लागतं, जावईबापू. झुरिकशिवाय मला जमत नाही."

प्रताप 'नाना, तुम्ही काळजी करू नका' असं म्हणणार, तोच पलीकडून आवाज आला.

"आजोबा!"

प्रतापने झटकन वळून बघितलं. ऋता आईच्या मांडीवरून अर्धी ओणवी होऊन इकडे बघत होती.

"आजोबा, टेबल कुठून काढायचं? झुरिकच्या प्लेनमध्ये कुठे होतं? शो मी ना!"

"अगं, सुडोकू!" नीलाने कागद वाचवला, पण मग तीही हसत वळली. "हो नाना, दाखवा ना तिला. मलाही सापडत नाहीये."

प्रतापने लेकीकडे बघून भुवया उंचावल्या, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. लेकीला यातलं काहीही समजलं नाही. दोन स्कूपचा सौदा होता, ती आपलं काम चोख करत होती. नानांनी भिंतीकडे बघितलं, मग प्रतापकडे. तिकीट खिडकीवर एखादा माणूस शेवटच्या क्षणी आला की कारकून कसा हताश बघतो, तसं.

"थांब!" प्रताप ओरडला. इतक्या मोठ्याने, की तिसऱ्या रांगेतल्या टोपीवाल्याने मान वर काढली. "नानांना कशाला त्रास देतेस? मी दाखवतो. ज्यूस पिऊ दे त्यांना. मला माहितीये सगळं."

तो एका हातात ग्लास धरून उठायला गेला आणि पट्ट्याने त्याला परत खाली ओढलं. ऋता खिदळली. पट्टा काढून तो वाकला, सीटखाली हात घातला, आणि लाइफ जॅकेटच्या पिशवीचं टोक बाहेर काढलं. "हे नव्हे." भिंतीवर टकटक केली. "उघडेल आता." डोक्यावरचं बटण दाबलं, तर त्याच्याच डोळ्यांवर दिवा लागला. शेजारचं दाबलं, तर घंटा वाजली.

"येस सर?" एअर होस्टेस बाई आल्या.

"नथिंग, नथिंग. आय ॲम लुकिंग फॉर द टेबल."

"प्रताप!" नीलाने कपाळावर हात मारला. "दर आठवड्याला फिरतोस ना रे तू विमानाने?"

"मी नेहमी दुसऱ्या रांगेत असतो! दुसऱ्या रांगेचं वेगळं असतं!"

"डॅड, यू आर सो एम्बॅरसिंग."

बाई सांगायला वाकल्या, हात पुढे केला. आता ही बाई टेबल काढून देणार आणि मामला हातचा जाणार. प्रताप गर्रकन वळला, कोपर खुर्चीच्या पाठीला आपटलं, आणि हातातला अख्खा ग्लास स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर उपडा झाला.

एकच गोंधळ. बाई नॅपकिन आणायला धावल्या, नीला आपल्या पर्समधले टिश्यू काढायला वळली, ऋता हसून हसून सीटवर आडवी झाली. त्या गडबडीत प्रताप सासऱ्यांवर ओणवा झाला आणि त्यांच्या कानाशी भराभर बोलला, "कोपराखाली. झाकण उचला. टेबल उभं वर ओढा, मग आपल्याकडे आडवं करा. घाई करू नका."

नाना तसेच बसून राहिले. मग त्यांनी ग्लास डाव्या हातात घेतला. उजव्या हाताने झाकण उचललं, टेबल वर ओढलं, आणि असं काही सावकाश आडवं केलं, जणू त्यांच्यासाठीच कुणी ते तिथे ठेवलं होतं. त्यावर मधोमध ग्लास ठेवला. टाय नीट केला.

"हे असं, ऋता," ते म्हणाले. "घाई करायची नसते."

"वॉव!" ऋताने टाळ्या वाजवल्या. नीला टिश्यू हातात घेऊन वडिलांकडे बघत राहिली. चेहरा असा, की प्रतापला शर्टाचं काही वाटेना. ज्यूस बनियनपर्यंत पोचला होता, गार लागत होता, आणि मिरीचा वास येत होता.

"बघ," ती त्याला म्हणाली. "सव्वीस वर्षं झाली तरी लक्षात आहे त्यांच्या. आणि तू!"

"मी मंदच आहे गं."

"आहेसच." तिने त्याच्या छातीवर टिश्यू दाबले.

विमान खाली यायला लागलं. टेबल घडी करून आत ठेवायचं होतं, तेही नानांनी स्वतःच केलं, पहिल्या फटक्यात. मग खिडकीकडे बघत विचारलं, "तुम्ही खरंच गेला होतात ना? मार्चमध्ये? खरंच कसं असतं हो?"

प्रतापच्या जिभेवर सोफा आला होता. सात नव्हे, नऊ कोर्स आले होते. पण त्याला वाटलं, या माणसाला आज पूर्ण आकडा द्यावा, त्याला भागायला लागू नये.

"साधंच असतं नाना. खुर्ची मागच्यांचीच असते. तीन-तीनची रांग. फक्त मधल्या खुर्चीवर कुणाला बसवत नाहीत. तेवढंच. त्याचे पैसे."

"मधली रिकामी?"

"रिकामी. खिडकीत एक, वाटेशी एक. मध्ये कुणी नाही."

नानांनी खिडकीची झडप पूर्ण वर केली. खाली नदी आली, पूल आले, एकापुढे एक पिवळे पूल.

"मग मी अन् माई बसलोय की बिझनेस क्लासला," ते म्हणाले. "पुष्कळ वर्षं."

प्रतापने या वेळी त्यांचा हात धरला. चिकट हात होता त्याचा, टोमॅटोचा. नानांनी तो तसाच राहू दिला.

स्टेट कॉलेजला पोचायला संध्याकाळ झाली. प्रसादचं अपार्टमेंट म्हणजे चार विद्यार्थ्यांचा संसार. सोफ्यावर कपडे, कार्पेटवर माणसं. रूममेट अतुल यवतमाळचा, त्याने कुकरभर खिचडी लावली होती. सगळे ताटं मांडीवर घेऊन बसले. प्रसादने काकाच्या छातीवरचा डाग बघितला आणि विचारलं, "काका, हे काय? कुणाला भोसकून आलात की काय?"

"विचारू नकोस," नीला म्हणाली. मग वडिलांकडे वळली. डोळ्यांत तीच दहा वर्षांची चमक. "नाना, ह्या मुलांना झुरिकची सांगा ना! अतुलने ऐकली नाहीये."

प्रतापचा घास हातातच राहिला.

नानांनी खिचडीत तूप कालवलं. "ती जुनी झाली गं," ते म्हणाले. "कितीदा तेच? आज ताजी आहे माझ्याकडे." आणि ताट खाली ठेवून, मांडी ठोकून बसले. "ऐक रे अतुल. आम्ही पहिल्या रांगेत. विमान पंचवीस हजार फुटांवर. आणि याच्या काकाला टेबल सापडेना!"

मुलं पुढे सरकली. नानांनी सुरुवात केली, आणि प्रतापला कळलं की आपला सासरा आपल्यापेक्षा दोन इयत्ता पुढे आहे. पट्ट्याने माणूस खाली ओढला गेला, तो आता दोनदा. लाइफ जॅकेट नुसतं डोकावलं होतं, इथे ते फुगून प्रतापच्या गळ्यात पडलं. घंटा ऐकून पायलट बाहेर आला. टोपीवाला उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. अतुल हसताना ठसका लागून पाणी शोधत होता. नीला वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती, डोळे पुसत होती, मध्येच 'नाना, पायलट कुठे आला?' म्हणत होती, आणि ते आणखी जोरात सांगत होते.

"आणि मग," नानांनी हात वर केला, "ज्यूसचा अख्खा जग! असा! डोक्यावरून!"

"जग?" प्रसाद म्हणाला. "विमानात जग देतात? काका, खरंच?"

सगळे प्रतापकडे बघायला लागले. नानाही. त्यांचा हात अजून वरच होता.

"एक कुठला?" प्रताप म्हणाला. "दोन होते. नाना माझी लाज राखतायत."